दुसरी बाई नव्हतीच

प्रवीणने फाईल माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ आपटलीच.

"चार डॉक्टर झाले मॅडम. रक्त झालं, शुगर झाली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल म्हणते. मंग मी नॉर्मल काऊन नाई?"

मी फाईल उघडली. रिपोर्ट खरंच चांगले होते. शेवटच्या डॉक्टरांनी खाली एक ओळ लिहिली होती: 'शारीरिक कारण नाही. काउन्सेलिंगसाठी पाठवत आहे.' तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द होता, कमजोरी. आमच्या भागात पुरुष हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याला अशक्तपणा म्हणायचा नसतो. बायकोजवळ गेल्यावर ऐन वेळी शरीर साथ देत नाही, हे त्याला सांगायचं असतं.

मी चंद्रपूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात काउन्सेलर आहे. काउन्सेलर औषध लिहून देत नाही. ते काम मून सरांचं, ते मानसोपचारतज्ज्ञ. माझं काम ऐकायचं, विचारायचं आणि माणसाला स्वतःच्या सवयी बदलायला मदत करायची. चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला कळलेली गोष्ट म्हणजे, कमजोरीची तक्रार घेऊन आलेला पुरुष पहिली पंधरा मिनिटं खोटंच बोलतो. म्हणून ती पंधरा मिनिटं मी त्याला बोलू देते.

प्रवीण एकतीस वर्षांचा. ऊर्जानगरला वीज केंद्रात ऑपरेटर, राहायला क्वार्टर. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. त्याने एका वैदूचं चूर्ण सहा महिने खाल्लं होतं, त्यातून फक्त पोट बिघडलं. बायको तीन महिन्यांपासून माहेरी.

"माहेर कुठलं?"

"चामोर्शी. रविवारी बैठक आहे, हा नाई, पुढचा. दोन्हीकडचे लोक बसणार. फारकतीचीच गोष्ट होईन."

"फारकत कोणाला पाहिजे?"

"माझ्या मायले. माय म्हणते, पोरीत खोट आहे, तिले लेकरू होत नाई."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

तो खिडकीबाहेर पाहायला लागला. "मी काय म्हणणार?"

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. झोप किती, भूक कशी, दारू, तंबाखू-सुपारीचा खर्रा. मग त्याच सुरात पुढचा प्रश्न विचारला.

"ही अडचण फक्त बायकोजवळ येते, की मोबाईलवर तसले व्हिडिओ पाहतानाही येते?"

त्याचे कान लाल झाले. तो फाईलचा कोपरा दुमडायला लागला.

"मोबाईलवर काई अडचण येत नाई," तो शेवटी म्हणाला. मग घाईघाईने, "पण मॅडम, सगळेच पाहतेत."

"पाहतात. मी सगळ्यांचं विचारलं नाही. तुम्ही किती पाहता?"

दिवसाचे तीन-चार तास. सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. आयटीआयच्या होस्टेलपासून चालू होतं, लग्नानंतर वाढलं. लग्नाच्या सुरुवातीला एकदा शरीराने साथ दिली नाही. तसं कोणाचंही होऊ शकतं. पण त्याला धसका बसला. पुन्हा तसंच झालं तर? धसका घेऊन जवळ गेला की पुन्हा तसंच व्हायचं. मग तो मोबाईलकडे वळायचा, कारण मोबाईल परीक्षा घेत नाही. हळूहळू बायकोजवळ जाणंच बंद झालं. घर टाळायला म्हणून सहकाऱ्यांच्या नाइट शिफ्ट मागून घ्यायला लागला.

इथे थोडं समजावून सांगते. पाहणारा प्रत्येक माणूस आजारी पडतो असं नाही, आणि याला व्यसन म्हणावं की नाही यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे. आम्ही नाव लावण्याआधी तीन गोष्टी पाहतो. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही का? झोप, काम, नातं यांचं नुकसान होतंय का? आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का? प्रवीणची तिन्ही उत्तरं 'हो' होती. पडद्यावर एक कंटाळवाणं झालं की बोटाने सरकवून दुसरं येतं. सतत नवं, सतत झटपट. मेंदूला त्याची सवय लागली की समोरचं जिवंत माणूस, त्याचं बोलणं, त्याचा रुसवा, त्याचा वेग, हे सगळं संथ आणि अवघड वाटायला लागतं. त्यात धसका मिसळला की शरीर हात वर करतं. शरीरात बिघाड काहीच नसतो.

हे ऐकून त्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे मी नामर्द नाई?"

"नाही. तुम्ही घाबरलेले आहात."

तो उठून गेला आणि मी तशीच बसून राहिले. कारण त्याने सांगितलेली गोष्ट मी आधी ऐकलेली होती. दुसऱ्या बाजूने.

आठवड्यातून एक दिवस आमची ओपीडी चामोर्शीला असते. आम्ही मुद्दाम बाजाराचा दिवस धरला आहे. त्या दिवशी खेड्यांतून लोक येतातच, आणि आमच्या दारात कोणी ओळखीचं भेटलं तरी बाजाराला आलो होतो म्हणून सांगता येतं. तीन आठवड्यांपूर्वी तिथे वैशाली आली होती. अठ्ठावीस वर्षांची, ऊर्जानगरच्या एका शाळेत शिकवणारी, सध्या माहेरी. केसपेपरवर नवऱ्याचं नाव होतं प्रवीण, नोकरी वीज केंद्रात. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता मरणार असं वाटणं. ईसीजी नॉर्मल होता. हा पॅनिक अटॅक. समोर धोका नसतो, पण शरीर पळून जायच्या तयारीला लागतं.

ती म्हणाली होती, "त्यांच्या आयुष्यात दुसरी बाई आहे मॅडम. मोबाईल घेऊन बाथरूममध्ये जातेत, कडी लावतेत. मी आली की स्क्रीन उलटी करतेत. दीड वर्षापासून मले हात नाई लावला. मी काळी पडली काय? जाडी झाली काय? मी केस कापून पाह्यले, जेवण कमी करून पाह्यलं."

तिचं वजन आठ किलोने उतरलं होतं.

म्हणजे तो समजत होता, आपण नामर्द. ती समजत होती, दुसरी बाई. त्याची आई समजत होती, सून वांझ. तिघंही चूक होते, आणि अकरा दिवसांनी बैठकीत यातल्याच कोणत्या तरी चुकीवर लग्न मोडणार होतं.

आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. पेशंट जे सांगतो ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, बायकोलाही नाही. त्याची बायको माझी पेशंट आहे, हेसुद्धा मी त्याला सांगू शकत नव्हते.

मी मून सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मी एक वाक्य बोलले तर ही केस सुटते."

त्यांनी चष्मा काढला. "वाक्य कोणाचं आहे?"

"त्याचं."

"मग त्यालाच बोलू दे. तू सांगितलं तर ती चुगली. त्यानं सांगितलं तर कबुली. बाईला कबुली लागेल."

"अकराच दिवस आहेत."

"तर मग इथे काय करून राह्यली?"

मून सर असेच आहेत. सहानुभूती दाखवत नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ रिकामी करून दिली.

प्रवीण शनिवारी आला. मी त्याला वहीत नोंद करायला सांगितलं होतं. काय पाहिलं ते लिहायचं नाही, त्यात मला रस नाही. मोबाईल हातात घ्यायच्या आधी काय झालं आणि मनात काय होतं, तेवढंच लिहायचं. पेशंट सहसा दोन ओळी खरडून आणतात. याने चक्क प्लांटमधल्यासारखी लॉगशीट आखून आणली होती. लॉगशीट म्हणजे मशीनचं तापमान, दाब वगैरे दर तासाला लिहायचा तक्ता. याच्या तक्त्यात वेळ, ठिकाण, आधी काय घडलं, मनाचा दाब दहापैकी किती, किती मिनिटं पाहिलं आणि नंतर कसं वाटलं असे रकाने होते. अक्षर छापल्यासारखं.

मंगळवारी तो पुन्हा आला तेव्हा सहा दिवसांच्या नोंदी झाल्या होत्या. मी तक्ता त्याच्यासमोर फिरवला.

"वाचा. तुम्ही ऑपरेटर आहात. हे रीडिंग काय सांगतं?"

तो बोट ठेवत ठेवत वाचायला लागला. मायचा फोन, दाब आठ. ड्युटीवरून रिकाम्या क्वार्टरमध्ये परत, दाब सात. वैशालीचा मिस्ड कॉल, परत लावला नाही, दाब नऊ. मायचा फोन, बैठकीला कोण कोण येणार, दाब नऊ. शेवटच्या रकान्यात तर सगळीकडे तेच: किळस, थकवा, किळस, लाज.

त्याचं बोट शेवटच्या रकान्यावरच राहिलं.

"मॅडम, मी समजत होतो मी मजेसाठी पाहून राह्यलो. ह्याच्यात मजा तर कुठीच नाई लिहिली."

"नाही लिहिली."

"म्हणजे जवा जवा भेव वाटते तवा तवा..."

तो रडला. एवढा मोठा माणूस, अंगात प्लांटचा युनिफॉर्म. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबले. आमच्या कामात थांबणं हेही काम असतं.

मग मी विचारलं, "तुमच्या आई सुनेला वांझ म्हणतात तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"तिथीच."

"आणि?"

"आणि काई नाई. गप्प." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी सांगतो तिले. पण मले एकट्याले जमणार नाई. तुमच्यासमोर सांगतो."

त्याने लेखी परवानगी दिली. मग मी वैशालीला फोन केला. तुमचे मिस्टर आमच्याकडे आले आहेत, त्यांना तुमच्याशी माझ्यासमोर बोलायचं आहे, एवढंच सांगितलं.

मग ती म्हणाली, "कबूल करणार असन तर येतो. तिचं नाव मले त्यांच्या तोंडून आयकायचं आहे."

बैठकीच्या तीन दिवस आधी चामोर्शीच्या ओपीडीत दोघं समोरासमोर बसले. प्रवीण ऊर्जानगरहून मोटरसायकलने आला होता. केसांत धूळ होती. मूल गाव सोडल्यावर कुठे थांबलोच नाही म्हणाला, थांबलो असतो तर परत फिरलो असतो. वैशाली पदर घट्ट धरून बसली होती. बाहेर मिरच्यांचा आणि भाज्यांचा बाजार भरलेला. खिडकी लावली तरी आवाज येत होता.

प्रवीणने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा अडकला. शेवटी त्याने खिशातून लॉगशीट काढून तिच्या हातात दिली.

"हे काय? प्लांटचं आहे काय?"

"नाई. माझं आहे."

ती वाचत गेली. 'वैशालीचा मिस्ड कॉल' या ओळीवर तिचं बोट थांबलं. "किती मिनिटं पाह्यलं म्हणजे? काय पाह्यलं?"

मग त्याने सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं. होस्टेलपासून. बाथरूमची कडी, उलटी स्क्रीन, मागून घेतलेल्या नाइट शिफ्ट, वैदूचं चूर्ण.

"म्हणजे दुसरी बाई नाई?"

"नाई. कवाच नव्हती."

मला वाटलं तिला हायसं वाटेल. इतक्या वर्षांनंतरही माझा अंदाज चुकतो. ती ताडकन उभी राहिली.

"बाई असती तर मी तिच्या घरी जाऊन भांडली असती. ह्या मोबाईलसंग कशी भांडू? तीन वर्षं मी आरशात पाहू पाहू मेली. माझ्यातच काई कमी आहे म्हणून मी उपाशी राह्यली. आन तुम्हाले माहीत होतं! तुमची माय मले वांझ म्हणे, तवा तुम्ही जेवत होते. ताटातून मान बी वर नाई केली."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून नाई भागत."

मी मध्ये पडले नाही. तिचा राग खरा होता आणि योग्य माणसावर होता. तीन वर्षं तो राग ती स्वतःवर काढत होती, म्हणून तिला धडधड होत होती.

ती पुन्हा बसली. पदर सारखा केला. मग शाळेतल्या पोरांना सूचना द्यावी तशा आवाजात म्हणाली, "रविवारी बैठकीत बोला. मोबाईलचं नका बोलू, ते आपल्या दोघांचं. एवढंच बोला, की मूल होत नाई त्याच्यात वैशालीचा दोष नाई. सगळ्यांसमोर बोला. मंग पाहू."

प्रवीणचा चेहरा पांढरा पडला. त्याच्यासारख्या पुरुषाला, मामे, काका, पोलीस पाटील यांच्यासमोर हे वाक्य बोलणं म्हणजे काय, हे त्या खोलीत तिघांनाही कळत होतं.

"बोलतो," तो म्हणाला.

रविवारी मी घरी होते. बैठकीला जाणं माझ्या कामात बसत नाही. सकाळपासून मी तीनदा तेच कपाट आवरलं. दुपारी एकच्या सुमारास फोन वाजला.

"मॅडम," वैशाली धापा टाकत होती, "बोलले!"

"नीट सांग."

तिने सांगितलं. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. चहा झाला. सासूने सुरुवात केली, की पोरगी चांगली आहे, पण खोट आहे, माझ्या एकुलत्या एक पोराचा वंश थांबला. पोलीस पाटलांनी वैशालीच्या बाबांकडे पाहिलं. बाबा खाली पाहत होते. तेवढ्यात प्रवीण उठून उभा राहिला.

"म्हणे, माय, थांब. खोट माझ्यात आहे. डॉक्टरचा इलाज चालू आहे. वैशालीले तू तीन वर्षं बोल लावले आन मी आयकत बसलो, ते माझं पाप. फारकत पाहिजे की नाई, हे ती ठरवन. इथं बसलेलं दुसरं कोणी नाई ठरवणार."

"मग?"

"मंग त्यांच्या मामानं विचारलं, कायचा इलाज? तर म्हणे, मनाचा. एकजण हासला मॅडम. हे म्हणाले, हासा, मले काई फरक पडत नाई. आन माझे बाबा उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझे बाबा रडत होते मॅडम. मी बाबाले कवाच रडताना नाई पाह्यलं."

"आणि तू काय ठरवलंस?"

"मी म्हटलं, आज येत नाई. तीन महिने इलाज करा, मी येऊन पाहीन, मंग ठरवीन." ती थांबली आणि हसली. "सासू म्हणे, ही कोण ठरवणारी? तर पोलीस पाटील म्हणाले, बाई, आत्ताच तुमच्या पोरानं सांगितलं ना, हीच ठरवणारी."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने 'शाब्बास' म्हणाले. नवऱ्याने येऊन विचारलं काय झालं. सांगता येत नाही म्हटलं. त्यालाही सवय आहे.

पुढचे तीन महिने सोपे नव्हते. प्रवीणने स्मार्टफोन पेटीत ठेवला आणि बटणांचा साधा फोन घेतला. सहकाऱ्यांनी चिडवलं, तर डोळ्याला आराम देऊन राह्यलो म्हणाला. दुसऱ्यांच्या नाइट शिफ्ट मागणं बंद केलं. मनाचा दाब सातच्या वर गेला की क्वार्टरबाहेर पडायचं आणि कॉलनीला एक फेरी मारायची, हे आम्ही ठरवलं. पाचव्या आठवड्यात तो घसरला. पेटी उघडली, दोन तास गेले. घसरण होतेच, आम्ही ती धरून चालतो. माणूस नंतर काय करतो, त्याकडे आम्ही पाहतो. आधी तो लपवायचा. या वेळी सकाळी सात वाजता त्याने आधी वैशालीला फोन केला आणि मग मला.

वैशाली दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "मॅडम, न विचारता सांगितलं म्हणजे सुधरून राह्यले ना?"

"हो," मी म्हटलं.

तीन महिन्यांनी ती ऊर्जानगरला गेली. कोणी न्यायला आलं नव्हतं, स्वतः बसने गेली. तेव्हा मून सरांनी दोघांना एक विचित्र वाटेल असा नियम घालून दिला: सहा आठवडे शरीरसंबंध बंद. फक्त रोज अर्धा तास जवळ बसायचं, हात हातात घ्यायचा, बोलायचं. परीक्षाच रद्द केली की नापास व्हायची भीती राहत नाही. पहिल्या आठवड्यात दोघंही लाजून हसत सुटायचे. दुसऱ्या आठवड्यात वैशाली म्हणाली, हे एवढं बोलतेत हे मले माहीतच नव्हतं. पाचव्या आठवड्यात दोघं माझ्यासमोर बसले आणि एकमेकांकडे पाहीनात.

"काय झालं?"

"मॅडम," प्रवीण म्हणाला, "सरांचा नियम मोडला."

मून सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हा नियम मोडण्यासाठीच असतो." आणि केसपेपरवर सही केली. ते हसल्याचं मी क्वचित पाहिलं आहे, त्यात हा दिवस धरते.

वैशालीची धडधड थांबली, वजन भरलं, ती शाळेत परत रुजू झाली. सासू आठवड्यातून एकदा क्वार्टरवर येते. माफी मागितली नाही, पण सुनेच्या हातचं जेवते आणि वांझ हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही. तेवढं पुरे, असं वैशालीच म्हणते. मुलाची घाई दोघांनाही नाही.

आमच्याकडच्या बऱ्याच फाईलींच्या शेवटी 'पेशंट पुन्हा आला नाही' असंच लिहिलेलं असतं. बरा झाला की कंटाळला, कळत नाही. हे दोघं वर्षभराने मुद्दाम आले आणि म्हणाले, आमची फाईल बंद करा. मी मोठ्या अक्षरात 'बरे' लिहिलं आणि त्याखाली दोन ओळी ओढल्या.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत ऊर्जानगरहून आमच्याकडे सहा नवे पेशंट आले. कोणी पाठवलं विचारलं की सहाही जण इकडेतिकडे पाहायचे. मी नाव विचारणं सोडून दिलं. मून सरांनी दुसऱ्या काउन्सेलरसाठी ट्रस्टकडे अर्ज केला आहे. आमच्या धंद्यात काम नीट झालं की रांग कमी होत नाही, वाढते.